गिरण्या गेल्या, कंपाउंडच्या भिंती कशाला ठेवल्यात?

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
आणि मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, मंत्रालय

विषय : गिरण्यांच्या उरलेल्या जमिनींचे नकाशे मंजूर करण्याआधी आमचंही ऐकून घेण्याबाबत

महोदय,

वरळीला पांडुरंग बुधकर मार्गावरची बॉम्बे डाईंगची सुमारे २२ एकर जमीन एका जपानी कंपनीला ५,२०० कोटींना विकण्याचा व्यवहार २०२३ मध्ये जाहीर झाला. टाटा मिल, पोदार मिल या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबल्या, त्यांचं चाक पुन्हा फिरलं नाही. म्हणजे गिरणगावात नवे नकाशे काढायला अजून जागा उरली आहे आणि त्यातला प्रत्येक नकाशा तुमच्याच टेबलावरून पुढे जाणार आहे. त्यात काय असेल हे सांगायला ज्योतिषी नको. खाली दुकानं, वर हॉटेलं, त्याच्यावर ऑफिसं आणि एका अंगाला घरांचे टॉवर. याला माझा विरोध नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण आमच्या बाजूने पत्र आलं की 'विकासाला विरोध' असा शेरा मारून फाईल बाजूला पडते.

मी डिलाईल रोडला पोळीभाजी केंद्र चालवते. पाटीवर आता ना. म. जोशी मार्ग लिहिलेलं असतं. चाळीच्या तळमजल्यावरचा गाळा आहे. धंदा मूळचा सासूबाईंचा. सासरे गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते आणि सासूबाई खोलीतच खाणावळ चालवायच्या. कोकणातले, घाटावरचे एकटे राहणारे कामगार पाळी सुटली की पंगतीला बसायचे. गिरणगावात अशा खाणावळवाल्या घरोघरी होत्या. त्यांनाच एकत्र करून प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि सासूबाईंच्या उधारीच्या वहीत नावं वाढत गेली. वसूल फारसं झालं नाही. माणसं गावी गेली, काही तिथेच राहिली.

आज माझे डबे जातात ते त्याच गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या ऑफिसांत. तेव्हा टॉवर नकोत असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? माझी मुलगीही तसल्याच एका इमारतीत नोकरी करते. उशीर झाला तर कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते. आणि चाळीचे गोडवेही मी गाणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास, पहाटे बादली घेऊन रांग. ज्यांनी ते सोसलं नाही त्यांनीच त्याच्या आठवणी काढाव्यात.

माझं म्हणणं भिंतीपुरतं आहे.

ज्या कंपाउंडमध्ये आमचे सर्वांत जास्त डबे जातात, त्याचं नाव घेत नाही, कारण बाकीचीही तशीच आहेत. त्याची मागची भिंत आमच्या गल्लीला लागून आहे. पलीकडच्या चौथ्या मजल्यावरून आमच्या गाळ्याचा पत्रा दिसतो. पण डबा पोचवायचा तर पोरानं गल्लीतून मुख्य रस्त्याला यायचं, सिग्नल ओलांडायचा, पुढच्या गेटवर जायचं. तिथे सिक्युरिटीवाला सांगतो, सर्व्हिस एंट्रीने जा. सर्व्हिस एंट्री म्हणजे पुन्हा वळसा घालून तळघरातल्या पार्किंगचं तोंड. तिथे रजिस्टर, मोबाईलवर फोटो, मग मालाची लिफ्ट. त्या लिफ्टमध्ये आधी कचऱ्याच्या गाड्या चढतात, मग आमचे डबे. ॲपवाल्या पोरांचं तर आणखी वाईट. उन्हात बाईकवर बसून राहायचं, कारण आतल्या रस्त्यावर त्यांना थांबू देत नाहीत. पूर्वी त्या भिंतीत लहानसं फाटक होतं, सासूबाई तिथूनच डबा द्यायच्या. आता तिथे जनरेटर बसवला आहे.

गिरणीला भिंत लागायची, हे समजू शकतं. आत कापूस, बाहेर विडीकाडी. शिवाय पाळीवर कोण आलं, कोण गेलं हे बघायचं, बाहेर पडताना झडती घ्यायची, म्हणून गेट एकच. कारखान्याचं ते शिस्तीचं गणित होतं. पण जिथे आता कापूस नाही, झडती नाही, उलट लोकांनी यावं म्हणून दिव्यांच्या माळा लावल्या आहेत, तिथे तीच भिंत, तेच एक गेट कशासाठी ठेवायचं? गिरण्या पाडल्या, चिमण्या पाडल्या, करवतीच्या दात्यांसारखी छपरं उतरवली. वाचली ती फक्त कंपाउंडची हद्द.

आणि याचे परिणाम फक्त माझ्या पोळ्या वातड होण्यापुरते नाहीत. एकेक गिरणी दहा-दहा, पंधरा-पंधरा एकरांची. अशा गिरण्या एकीला एक लागून. त्यांच्या मधून जे रस्ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उरले, तेवढेच आजही आहेत: सेनापती बापट मार्ग, ना. म. जोशी मार्ग, गणपतराव कदम मार्ग आणि दोन-चार गल्ल्या. गिरणीच्या काळात हे चालून जायचं. कामगार चालत यायचा, राहायलाही जवळच असायचा आणि तीन पाळ्यांत गर्दी वाटली जायची. आता त्याच हद्दीत कितीतरी पट माणूस येतो, तो विरार-कल्याणहून येतो, सगळा साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान येतो, आणि लोअर परळ, करी रोड, प्रभादेवी, परळ या गिरण्यांच्या काळापासूनच्या स्टेशनांवर उतरतो. तिथून तो निघतो तो थेट ऑफिसच्या दिशेने नाही, कारण थेट वाट नाहीच. तो भिंतीला भिंत लावून मुख्य रस्त्याने चालतो, कारण आतून जायला बंदी आहे.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चिरडून मेली. पाऊस होता, पूल अरुंद होता, ही कारणं सगळ्यांनी सांगितली. लष्कराने येऊन नवा पूल बांधून दिला, स्टेशनाचं नावही बदलून प्रभादेवी झालं. पण एवढी माणसं त्या जिन्यावर आली कुठून, हा प्रश्न नकाशे मंजूर करणाऱ्या खात्याला कुणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. जुलै २०१८ मध्ये डिलाईल रोडचा पूल धोकादायक म्हणून बंद झाला तो पूर्ण उघडला नोव्हेंबर २०२३ मध्ये. रुळांच्या पलीकडे डबे न्यायचे म्हणजे आमच्यासाठी ती वर्षं कशी गेली हे इथे सांगत बसत नाही. मात्र त्या काळातही लोअर परळला नव्या इमारतींना ओसी, म्हणजे वापरायला परवानगी देणारे दाखले, मिळतच होते.

नियमांचा इतिहास तुम्हाला मी शिकवायची गरज नाही, पण लोक विसरतात म्हणून लिहिते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळ मानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने महामंडळाच्या गिरण्यांचा विचार सुट्या सुट्या तुकड्यांत न करता एकत्र करावा असं सुचवलं. ते कागदावर राहिलं. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि पालिकेचा आणि म्हाडाचा हिस्सा फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीतून काढायचा असं ठरलं. गिरणीत मोकळी जमीन असते किती? सगळी खाती, गोदामं, शेड. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांची बाजू घेतली, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल कायम ठेवला. कायद्याच्या दृष्टीने तो विषय तिथे संपला. आता तो नियम ३५ या नंबरानं नव्या नियमावलीत आहे.

जमीन गेली ती गेली. मैदानं परत मागायला मी हे पत्र लिहिलेलं नाही. पण वाट मागायला तर कुठला निकाल आड येत नाही ना? कंपाउंडच्या मालकाची एक फूटही जमीन न घेता, त्याच्या एफएसआयला, म्हणजे त्याला बांधता येणाऱ्या क्षेत्रफळाला, हात न लावता, नकाशात एवढीच अट घालता येते की एका रस्त्यावरून शिरलेला माणूस दुसऱ्या रस्त्याला निघाला पाहिजे. चालत. दिवसा आणि रात्रीही. तुम्ही जिन्यांची रुंदी ठरवता, पार्किंगचे खण मोजता, लिफ्ट किती हव्यात ते सांगता. मग ही अट जड का वाटावी?

बिल्डर म्हणतील, सुरक्षेचा प्रश्न आहे. सुरक्षेचंच बोलू या. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिलमध्ये गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ जण गेले. पुलाच्या दुर्घटनेला त्या दिवशी बरोबर तीन महिने झाले होते. बरेच जण बाहेरची वाट न सापडून स्वच्छतागृहाकडे पळाले आणि धुरानं गुदमरले. त्या कंपाउंडला भिंत होती, गेट होतं, सिक्युरिटी होती. आणि दुसऱ्याच दिवशी पालिकेने शहरभर तीनशेहून जास्त ठिकाणी हॉटेलांची बेकायदा बांधकामं तोडली. एका दिवसात सापडली याचा अर्थ आदल्या दिवशीही ती कुठे आहेत हे कुणाला तरी ठाऊक होतं. आमच्या गाळ्याबाहेर मी दीड फूट फळी वाढवली तर संध्याकाळपर्यंत पालिकेचा माणूस येतो. रस्त्यावर आहे ना, दिसतं. गेटच्या आत, खासगी रस्त्याच्या आत, सहाव्या मजल्याच्या गच्चीवर काय वाढवलंय ते कुणाच्या येता-जाता डोळ्यांवर येत नाही. वर्दळीच्या रस्त्यावर शंभर डोळे फुकट पहारा देतात, ही गोष्ट गल्लीत वाढलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

आता दुकानांबद्दल. आमचीही चाळ पुनर्विकासात गेली आहे. बिल्डरचा माणूस मोठा रंगीत नकाशा घेऊन आला होता, बोलायला गोड. घर मोठं मिळणार, छान. गाळा? गाळा पोडियमवर, म्हणजे टॉवरच्या पायाशी असलेल्या उंच चौथऱ्यावर, दुसऱ्या लेव्हलला, पार्किंगच्या मागे. 'मॅडम, कव्हर्ड एरिया आहे, पावसाचा त्रास नाही.' म्हटलं, गिऱ्हाईक तिथे कशाला येईल? तर म्हणे, रहिवासी येतील ना! चाळीसाव्या मजल्यावरचा रहिवासी दोन पोळ्या आणि पावशेर उसळ घ्यायला पोडियमवर उतरून पार्किंग ओलांडेल, असं त्याला खरंच वाटत होतं की काय कोण जाणे. माझं गिऱ्हाईक रस्त्यावरून जाणारं आहे. हातात बॅग, ट्रेन पकडायची घाई, थांबेल तर दोन मिनिटं. किराणावाला, शिंपी, चावीवाला, इस्त्रीवाला, पिठाची गिरणी, झेरॉक्सवाला, सगळ्यांचं तेच. रस्त्याकडची दर्शनी जागा मात्र त्याच नकाशात 'फ्लॅगशिप स्टोअर'साठी राखलेली होती.

लालबागची मसाल्याची दुकानं बघा, चिवडा गल्ली बघा. खाली धंदा, वर बिऱ्हाड, समोर गिरणी. सगळं एका हाकेच्या अंतरात. तुमच्याकडे येणाऱ्या माहितीपुस्तिकांत जे जगाला नवं म्हणून दाखवतात ते गिरणगावात शंभर वर्षं चालू होतं, दाटीवाटीचं आणि गैरसोयीचं का होईना. फोर्टात दादाभाई नौरोजी रस्त्यावर प्रत्येक इमारतीने खाली कमानींची पडवी सोडलीच पाहिजे असा त्या काळी दंडक होता. इमारती वेगवेगळ्या मालकांच्या, घाट वेगवेगळे, पण पडवी सलग. आज दीडशे फेरीवाल्यांतून वाट काढावी लागते हे खरं, तरी पावसात माणूस कोरडा चालतो आणि दुकानं रस्त्याकडे तोंड करून आहेत. म्हणजे अट घातली की बांधणारे बांधतात. इंग्रज सरकारला जमलं ते तुम्हाला जमू नये असं मी तरी मानत नाही.

सेनापती बापट मार्गाने आज चालून पाहा. एका बाजूला काचेची भिंत, एसीच्या गरम हवेचे झोत, पार्किंगचा उतार, पुन्हा काचेची भिंत. दुकानं आहेत, पण त्यांची तोंडं आत. रस्त्याच्या वाट्याला त्यांची पाठ येते. बसायला कट्टा नाही, प्यायला पाणी नाही. आतमध्ये मात्र कारंजं आहे आणि त्याच्याभोवती छान बाकं. आम्ही तिथे जात नाही असं नाही. दिवाळीत नातवंडांना घेऊन सगळी चाळ जाते, फोटो काढते, आइस्क्रीमचे दर वाचते आणि परत येते.

मोकळ्या जागेचं एक सांगते. दादरच्या कोहिनूर मिलच्या जागेवरूनच हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता, आणि डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नियमाप्रमाणे सोडायची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमच्या डोक्यावर नाही. निकाल गिरणीच्याच जमिनीवरचा आहे. नव्या नकाशांत तो कुणी उलटा-सुलटा करून वाचू नये, एवढीच विनंती. नवव्या मजल्यावरच्या हिरवळीवर आमच्या गल्लीतलं पोर खेळायला जाणार कसं?

घरांचा विषय या पत्रात आणायचा नव्हता, कारण त्यावर आंदोलनं करणारी जाणती माणसं आहेत. पण दुकानं, हॉटेलं, ऑफिसं आणि घरं असा सगळा मेळ एका जागी घालायचा म्हणता, तर त्या घरांत कोण राहणार हे विचारल्यावाचून राहवत नाही. पावणेदोन लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. घरं मिळाली ती पंधरा-सोळा हजारांच्या घरात. बाकीच्यांना मुंबईबाहेरचं, लांबचं शेलू-वांगणी दाखवतात. जुलै २०२५ मध्ये म्हातारीकोतारी माणसं आझाद मैदानात बसली ती याचसाठी. त्यांच्यातला एक जण आमच्याकडे अजून जेवायला येतो, रोखीने. त्याचा मुलगा टॉवरमध्ये हाउसकीपिंगला आहे आणि रोज बदलापूरहून येतो. ऑफिस झाडणारा, सिक्युरिटीवाला, हॉटेलातला कुक, आमची पोळ्या लाटणारी, यांतलं कुणीही जिथे काम करतं तिथून चालत जाता येईल अशा घरात राहत नाही. सकाळच्या ज्या गर्दीवर तुम्ही दर वर्षी नवा पूल शोधता, ती गर्दी यांचीच आहे.

तेव्हा मागण्या सरळ लिहिते. बॉम्बे डाईंगची जागा असो, महामंडळाच्या गिरण्या असोत की त्यांच्या हद्दीतल्या चाळी, मंजुरीच्या आधी त्या जमिनीच्या चारही बाजूंचे रस्ते, गल्ल्या आणि जवळचं स्टेशन एकाच नकाशावर मांडा आणि आरपार जाणारी वाट आखून घ्या. ती पालिकेच्या नोंदीत सार्वजनिक म्हणून चढवा, नाहीतर पाच वर्षांनी तिथे 'ओन्ली फॉर रेसिडेंट्स'ची पाटी लागते. रस्त्याकडच्या बाजूला दुकानांची तोंडं रस्त्याकडेच हवीत, आणि त्यातले काही गाळे लहान ठेवा, शंभर-दीडशे फुटांचे. मोठ्या गाळ्याचं भाडं भरू शकणारा माणूस चाव्या बनवत नाही. चाळीतल्या गाळेवाल्याला तळमजल्यावर होता तर तळमजल्यावरच जागा द्या. हॉटेलांना परवाना देताना अग्निशमन दलाचा दाखला आणि किती माणसांना परवानगी आहे तो आकडा गेटवर मराठीत लावायला सांगा. आधी उभी राहिलेली कंपाउंडं आहेत त्यांचं काय, असं विचाराल तर त्यांनाही वाढीव काही मागायला तुमच्याकडे यावंच लागतं. तेव्हा फाटकाचं बोला.

आणि हे सगळं ठरवताना आम्हाला विचारा. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवता, पण एकेका जमिनीचा नकाशा मंजूर होताना शेजाऱ्याला कळतं ते पत्रे ठोकले गेल्यावर. सुनावणी लावणार असाल तर नोटीस संकेतस्थळाच्या कोपऱ्यात न ठेवता चाळीच्या जिन्याखाली, स्टेशनच्या पुलावर, मराठीत डकवा. वेळही बघून ठेवा. अकराची ठेवलीत तर आमच्यातलं कुणी येणार नाही, तेव्हा डबे भरणं चालू असतं. दुपारी साडेतीननंतर ठेवा. तोपर्यंत भांडी घासून होतात.

आपली,
एक पोळीभाजीवाली,
ना. म. जोशी मार्ग, मुंबई